येसबाची थंडीची विजार

ऐका रं पोरांनो. शेंगा फोडायचा हात थांबवू नका, पण कान हिकडं द्या. ए गुंड्या, दार लोट आधी, गार वारं घुसतंय. कड्याकडची वाट जवळची पडती म्हणून उद्या तुम्ही तिकडनं बाजाराला जायचं काढलंय, व्हय ना? ऐकलंय मी. म्हणून आज तोंड उघडते, न्हाईतर ही गोष्ट मी कधी काढली नसती.

येसबा शिकारी आमचा शेजारी. भिंतीला भिंत. तवा शिकारीला बंदी न्हवती, रानडुकरं नाचणी लोळवायची, आन् सगळा गाव येसबाच्या दारात यायचा. ठासणीची बंदूक त्याची. नेम असा, की बार झाला म्हंजे लोक डुकराला आणायला दोरच घेऊन निघायचं. पण घरात? घरात आपली विजार कुठं हाय ते सुदीक त्याला ठावं न्हवतं! ते समदं सारजाचं, त्याच्या बायकोचं.

सारजानं त्याला शिकारीच्या तीन विजारी शिवल्या हुत्या. हसू नका रं! एकाच विजारीवर बारा महिनं शिकार हुत न्हाई. उन्हाळ्याची पातळ, धुवून धुवून वाळल्या गवतागत झालेली, चालताना फडफड न करणारी. वाळल्या पाचोळ्यात सांबराला कापडाचा आवाज आधी ऐकू येतो, माणसाचा मागनं. पावसाळ्याची आखूड, गुडघ्याच्या वर. लांब कापड भिजून पायाला चिकटतं, आन् त्याच्या चुण्यांत जळवा बसत्यात. आन् थंडीची? थंडीची म्हंजे वाकळच! वर घोंगडं, आत मांजरपाट, मधी जुन्या धोतराचं थर, आन् वाकळंवाणी बारीक टाकं. रातभर पाणवठ्यावर दबा धरून बसायचं, तर तसलंच पायजे. त्यात येसबाच्या गुडघ्याला डुकरानं फाडल्याची जुनी जखम, थंडीत ठणकायची.

रोज सांजंला सारजा अंगणात यायची, आभाळाकडं बघायची, वारं हुंगायची, आन् तीनातली एक विजार वळणीवरनं काढून उंबऱ्यावर ठेवायची. येसबा न बघता पाय घालायचा. एकदा म्हणून ती चुकली न्हाई.

आता ऐका काय झालं. दसऱ्याला येसबानं ट्रंक उघडली, तर सारजाचं लगनातलं हिरवं लुगडं गायब! त्यानं पयल्या शिकारीच्या पैशातनं घेतलेलं. “कुठाय लुगडं?” तर ही म्हणाली, “बोहारणीला दिलं. त्यावर तपेलं घेतलं.” झालं! येसबाचं टाळकंच फिरलं. नको नको ते बोलला, आन् त्या दिवसापास्नं बोलणं बंद. त्या मेल्यानं एवढंसुदीक इचारलं न्हाई, की तपेलं कुठाय! सारजा रोज विजार उंबऱ्यावर ठेवायची, हा पाय घालून मुकाट निघून जायचा. तेरा दिस असं. चौदाव्या दिवशी गवत कापताना तिला पान लागलं, साप डसला. येसबा रानात. घरी आला तवा ती गार झाली हुती.

महिनाभर त्यानं बंदुकीला हात लावला न्हाई. मग एक दिस म्हातारा रामू चौगुला रडत आला, निम्मी नाचणी डुकरांनी खाल्ली म्हणून. येसबा उठला. सांज झालेली. वळणीवर तीन विजारी. आन् पयल्यांदाच, पोरांनो, त्याची त्याला निवडायची हुती. दिसा ऊन तापलेलं, सांजंला ढग आलेलं, आन् रात म्हटली तर गारठा. कुठली घालावी? उभाच ऱ्हायला कितीतरी येळ. शेवटी थंडीची काढली, कारण तिच्यात सारजाच्या हाताचा वास हुता. नाडी बांधली आन् अंधारात निघाला. कड्याच्या वाटेनं.

करवंदीची जाळी वलांडतोय तोवर पाऊस! कार्तिकात पाऊस! घोंगड्याची विजार भिजून धोंड्यावाणी जड झाली. आन् मागनं आवाज आला.

“अवं, ही न्हवं. आखूड घालायची हुती.”

सारजाचा आवाज! येसबाच्या हातातली बंदूक खाली पडली. मागं बघतो तर कुणी न्हाई. चार पावलं पुढं. पुन्हा, आता उजवीकडनं, बांगड्या वाजल्या. “गुडघा ठणकतोय न्हवं?” आरं देवा! तो आवाजामागं चालाय लागला. हिरड्याचं झाड लागलं. चालला, चालला, पुन्हा तेच हिरड्याचं झाड. तिसऱ्यांदा तेच! चकवा, दुसरं काय? आन् चकवा लागला तर अंगावरचं कापड उलटं करून घालावं, की तो सुटतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला ठावं हाय. येसबाला ठावं न्हवतं व्हय? पण उलटं केलं असतं तर आवाज बंद झाला असता. म्हणून केलं न्हाई. त्याला सुटायचंच न्हवतं, बाबांनो.

मग उजेड दिसला. कंदील. कंदिलाजवळ सारजा बसलेली, मांडीवर कापड, हातात सुई.

येसबा दहा हातांवर थांबला. “सारजे, माझ्यावर राग हाय का?”

“न्हाई वं.”

“मी तेरा दिस बोललो न्हाई.”

“माझंच चुकलं. लुगडं द्याया नको हुतं. तपेल्याचा मोह पडला.”

“माफ केलंस?”

“केलं,” ती म्हणाली. आन् हासली. “या हिकडं. भिजलाय किती! ती वली विजार काढा, ही कोरडी घाला.” हात पुढं केला. हातात उन्हाळ्याची विजार, दुमडून ठेवलेली, जशी ती ठेवायची तशी.

येसबा लेकरावाणी रडत रडत पुढं झाला. लंगोट हुताच, लाज कसली! नाडी सोडली. भिजलेलं घोंगडं पायाला चिकटलेलं, त्यानं जोर करून वडलं, आन् वडता वडता विजार समदी उलटी झाली. करवंदीच्या काट्यानं गुडघ्याजवळचं टाकं आधीच उसवलं हुतं. तिथनं कायतरी बाहेर आलं. हिरवं. जरीच्या काठाचं.

येसबानं बोटानं चाचपलं. काठ वळखला त्यानं. स्वता निवडलेला काठ! जुन्या धोतराच्या जागी, ठणकणाऱ्या गुडघ्यावर चार पदरी घडी, आन् त्यावर सारजाचं बारीक टाकं.

“सारजे,” तो म्हणाला, “हे काय गं?”

तिनं कोरडी विजारच पुढं केली.

“बोल की! लुगडं तर तू बोहारणीला दिलंस!”

ती गपच. कारण तिला ठावंच न्हवतं! चकव्याला आपल्या मनात असतं तेवढंच ठावं असतं. येसबाच्या मनात तपेलं हुतं, म्हणून ती तपेलं म्हणाली. विजारीतलं फक्त सारजाला ठावं, आन् सारजा तर गेलेली. येसबानं ती उलटी विजार तशीच छातीशी धरली, आन् कंदील फुर्रदिशी विझला. पायाखालचा धोंडा सुटला. गडगडत गेला, आन् तळाला पडल्याचा आवाज लई येळानं आला. पुढं एक पाऊल, आन् कडा.

पहाटे तो माझ्या दारात आला. कुडकुडत, विजार पोटाशी. म्हणाला, “हौसाक्का, मेलेलीकडं माफी मागितली गं, मिळाली बी. पण भुतानं दिली. सारजानं न्हाई.”

आन् मी? मला ठावं हुतं. तिच्या सुईत दोरा मीच ववून देत हुते. शिकाऱ्यानं अंगाला बाईचं वस्त्र लावू नये, नेम चुकतो म्हणत्यात, म्हणून तिनं बोहारणीचं नाव सांगितलं. मला आन घातली, माझी शपथ हाय हौसे, बोलू नकोस. मी म्हणाले, अगं पर तो बोलत न्हाई तुझ्याशी! तर हासली. म्हणाली, “थंडी पडू दे. गुडघा ठणकायचा थांबला की आपसूक बोलतील.”

थंडी पडायच्या आत ती गेली. मी समदं सांगितलं येसबाला, पण उशिरा सांगितलं. आन पाळली मी, आन् दोघांचं वाटोळं झालं.

येसबा वाचला, पण पुढं बारा वरसं, ढग आलं की तो त्याच वाटेनं जायचा. कधी पातळ विजार घालून, कधी आखूड, मुद्दाम चुकीची. सारजानं एकदा तरी “अवं, ही न्हवं” म्हणावं म्हणून. खोटं का हुईना. चकवा पुन्हा आला न्हाई. एका पहाटे येसबाच घरी आला न्हाई.

म्हणून सांगते, त्या वाटेनं जाऊ नका. लांबनं जा, दोन कोस जास्त चाला. आन् गुंड्या, तू रं! तुझी बायको चार दिस माहेरी बसलीया, तू बोलत न्हाईस म्हणून. उद्या बाजार ऱ्हाऊ दे. आधी तिकडं जा, आन् इचार तिला काय झालं ते.