तिकडं आधी

“चांद दिसला गं, दिसला!” लहानपणी शेजारच्या गच्चीवरून येणारी ती हाक परवा मिरजगावच्या एसटी स्टँडवर कानात पुन्हा वाजली. मागच्या बाकावर एक आई आणि तिची कॉलेजातली लेक बोलत होत्या.

“मारिया, परवेझचा फोन हुता. उचलला न्हाईस?”

“भाईला दुबईत नवा व्हिडिओ गेम मिळालाय, अम्मी. आपल्याकडं अजून आलाच न्हाई.”

“गेम एकच, मग तारखा दोन कशापायी?”

“तिथल्या भाषेत करावा लागतो, तिथल्या सरकारची मंजुरी लागती. जिथलं आधी उरकलं, तिकडं आधी.”

“म्हंजी ईदवानीच. तिकडं चांद आदल्या दिशी दिसतो.”

“गेमला कशाला लागतोय चांद!”

“मग रुसलीस कशाला? इकडं बी येईल की.”

“आमी कायम जोडीनं खेळलो, अम्मी. आता तो तिकडच्या पोरांसंगं पुढं निघून जाईल. मग मी कशाला लागंन त्याला?”

आईनं पदर सारखा केला.

“सांगू नको म्हनला हुता, तरी सांगते. गेम घेऊन तसाच ठेवलाय त्यानं. ‘मारियाला मिळू दे, मग संगंच सुरू करू,’ म्हनला.”