वाजवून घेतलेलं गिऱ्हाईक

तुम्हीच सांगा डॉक्टर, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर, डोळ्यावर की कानावर? थांबा, आधी हा तांब्या घ्या. घ्या हो, गळ्यात मारत नाही, नुसता हातात धरा. वाजवा बोटानं. हां, आता बसा. राग मानू नका, हल्ली दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी आधी भांडं देतो. सगळ्या बिबवेवाडीत बोलबाला झालाय, शेठ म्हातारपणी फार अगत्याचे झाले म्हणून. कसलं अगत्य? ज्यानं वाजवलं तो खरा, ज्यानं नाही वाजवलं तो माझ्या मेंदूनं पाठवलेला. आणि भांडं न वाजवता घेणारं गिऱ्हाईक पुण्यात अजून जन्माला यायचंय, त्यामुळे चूक होत नाही. म्हणजे — एकदा झाली. एक बाई आल्या आणि नुसत्याच उभ्या. तांब्या पुढे केला तर हात पुढे करेनात, बोलेनात. मी म्हटलं, ह्या आपल्या नेहमीच्यांतल्याच दिसतात, आणि त्यांच्यादेखत निवांत डबा उघडून जेवायला बसलो. भेंडी संपल्यावर त्या बोलल्या — विहीणबाई! सृष्टीची आई हो, आमच्या सूनबाईंची. मानानं 'या, बसा' म्हणतील म्हणून वाट बघत उभ्या होत्या. अजून बोलत नाहीत माझ्याशी.

असो. तुमच्या पुस्तकातलं माझ्यावरचं प्रकरण ऐकलं. सृष्टीनं वाचून दाखवलं. मला अक्षराच्या जागी डाग दिसतो हे तुम्हाला काय सांगायचं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं तेवढं उरलंय. चांगलं लिहिता हं. फक्त एक विचारू? माझ्या दुकानाचं एवढं लांबलचक वर्णन केलंत, त्यात कुकर एकही नाही! सगळं तांबं आणि पितळ. अहो, माझं घर चालतं कुकरवर आणि मुलांच्या डब्यांवर. कळलं मला, तुमच्या वाचकांना पितळ आवडतं. आणि मला 'शांत वृद्ध' म्हटलंय. शांत? विहीणबाईंना विचारा. पण ते गोदामाचं घातलंत ते बरं केलंत, ते माझंच आहे. तुम्ही काय काय अवघड सांगत होतात आणि मी म्हटलं, म्हणजे असं ना डॉक्टर, डोळ्यानं माल पाठवायचं बंद केलं की मेंदू काऊंटर रिकामा ठेवत नाही, गोदामातला जुना माल काढून मांडून ठेवतो? तुम्ही म्हणालात, 'अगदी हेच!' शिक्षण सातवीपर्यंत झालं माझं, त्या दिवशी घरी जाताना छाती जरा पुढे होती.

आणि माल तरी कसला! जरीच्या टोप्या घातलेली बुटकी माणसं काऊंटरवरून रांगेनं चाललीयेत, परातीत एक पोरगी बसलीये, तिच्या फ्रॉकवर ही अशी बारीक चौकडी — खऱ्या फ्रॉकवरची चौकडी मला आता दिसत नाही, हिच्या फ्रॉकवरची मोजून घ्यावी! कुणी बोलत नाही, कुणी काही घेत नाही. तसं बघायला गेलं तर नुसतं बघून जाणारी गिऱ्हाइकं ह्या शहराला नवीन नाहीत. पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारा गेला कामातून, असंच म्हणाले असते ना? त्या दिवशी तुम्ही चहाचं गाळणं घ्यायला आलात आणि मी तुमच्या शेजारच्या हवेला पातेलं देत होतो. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तुम्ही हळूच विचारलंत, 'त्यांच्या अंगावर काय आहे?' बस्स. त्या एका प्रश्नावर मी तुम्हाला सगळं सांगून टाकलं.

मग तुम्हीही तुमचं सांगितलंत. शाळेत असताना डोळ्यांपुढे ती करवतीच्या दातांसारखी चकाकणारी रेघ यायची, मग अर्धं डोकं ठणकायचं, आणि गणिताच्या बाई म्हणाल्या, तास चुकवायला खोटं सांगते, आणि वर्गाबाहेर उभं केलं. म्हणून मेंदूच्या डॉक्टर झालात. म्हणून दिवसभर हॉस्पिटल करून पहाटे उठून लिहिता. म्हणालात, माझ्याकडे येणारे लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना दिसतं तेच सांगतात, कुणीतरी फक्त ऐकून घ्यावं लागतं. पुस्तकाचं पहिलं वाक्यच तुम्ही ते केलंत. सृष्टीनं वाचलं आणि चहा माझ्या घशात अडकला. का म्हणजे — गरम होता.

तर छापायच्या संमतीवर सही करतो मी. सहीसाठीच आलात ना? दोनच दुरुस्त्या करा. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर आमची इंदुबाई, माझी बायको, गेल्यानंतरही दुपारी येऊन बसते आणि मान खाली घालून भांड्यांवर नावं घालते, असं तुम्ही लिहिलंय. तर साडी हिरवी नको, हिरवा तिला आवडायचा नाही. मीच सांगितली होती? असेल. आणि नावं कोरायचं मशीन उजव्या हातात नाही, ती डावरी होती. डाव्या हातानं नाव घालणारी बाई बघायला लोक घरचे डबे घेऊन यायचे. हे बघा, ह्या डब्यावर तिचंच अक्षर आहे, बोट फिरवा, प्रत्येक 'श्री' जरासा मागे रेललेला. जेवून उठल्यासारखा. काय? मग मला ती कुठल्या हातानं काम करताना दिसते? बघा, डॉक्टर असून वकिलासारखं विचारता. दिसते म्हणजे… कुठल्या हातानं… आता खुर्ची अशी पुढे ओढू नका, आवाज येतो मला.

अहो, धंद्याची एक रीत असते. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. स्वारगेटला फूटपाथवर चमचे विकायचो तेव्हापासूनची सवय आहे. कढई आहे का? आहे. झाकणाची? उद्या मागवून देतो. माझं लिहून घेताना तुम्ही विचारलंत, बहुतेकांना अनोळखी माणसंच दिसतात, तुमच्या ओळखीचं कुणी येतं का? — आणि तुमचं पेन थांबलं. मला चेहरा दिसत नाही डॉक्टर, पण थांबलेलं पेन ऐकू येतं. गिऱ्हाईक काय मागतंय ते कळलं, आणि तोंडातून निघून गेलं, येते की, आमची इंदुबाई येते. मग काय पळालं तुमचं पेन! मी मनात म्हटलं, उद्या मागवून देऊ. येईलच. जरीच्या टोपीवाले येतात, ज्यांचा माझा काडीचा संबंध नाही. मग हिचं तर गोदाम भरलंय, अख्ख्या संसाराचं, त्यातला एक नग काढून मांडायला मेंदूला काय होतंय? नाही आली. ही मंडळी कुठेही बसतात, कुकरच्या खोक्यांवर, वजनकाट्यावर. तेवढं स्टूल सोडून.

मी हे आधीच बोललो असतो. पण सृष्टीनं वाचलं ते विश्वजीतसमोर. माझा मुलगा, हिंजवडीला असतो, कंपनीत. आई गेल्यापासून दुकानाची पायरी चढला नव्हता. आता दर रविवारी येतो. त्याला तांब्या देत नाही मी, पावलं ओळखतो. बसतो, स्टुलाकडे तोंड करून, आणि जरा वेळानं विचारतो, 'बाबा, आली होती?' आणि मी म्हणतो, 'आत्ताच गेली बघ, थोडक्यात चुकलास.' मग तो चहा सांगतो. मग आम्ही तिच्याबद्दल बोलतो. ती गेल्यावर पहिल्यांदा बोलतोय आम्ही, डॉक्टर. आता ह्यातलं काय परत घेऊ? म्हणून आज ठरवलं होतं, हात बदलायचा, साडी बदलायची, सही ठोकायची आणि तुम्हाला एक चांगलं पातेलं देऊन वाटेला लावायचं. झालं असतं की सगळं! तुम्ही तो हाताचा प्रश्न कशाला विचारलात?

बोलत का नाही? अहो — वाजवा बरं जरा तो तांब्या. हां. आहात.

चिडला असाल तर चिडा. पुस्तक छापायला चाललंय, आणि त्यातलं सगळ्यात नवलाचं गिऱ्हाईक मी तुम्हाला नसलेलं विकलं. बदलून देतो. विश्वजीतला मी सांगेन, उद्या — बघा, आलंच तोंडात. ह्या रविवारी सांगेन. यायचा बंद झाला तर झाला. उठा आता, पेशंट खोळंबले असतील तुमचे, आणि दारात कुणीतरी उभं आहे वाटतं, जाता जाता त्यांच्या हातात तांब्या द्या, नाही घेतला तर ठेवून द्या खाली. आणि ते पान फाडू नका, नव्यानं लिहा. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीच्या पुस्तकात खोटा माल नको. जे आले त्यांना आले लिहा, टोप्यांसकट. जी आली नाही तिला आली नाही लिहा. हवं तर पुढे घाला, म्हातारा अजून स्टूल पुसून ठेवतो. पण हिशेब तेवढा खरा ठेवा, डॉक्टर.