गोलाईत थांबलेला माणूस

हसू नका, पण ऐका. आमचे काका म्हणजे कृष्णधवल फोटोंचे उस्ताद. भरदुपारी लातूरच्या गंजगोलाईत, त्या गोल बाजारपेठेत, लेन्सवर काळी काच चढवायचे आन् शटर लई वेळ उघडं ठेवायचे. चालती गर्दी फोटोतून गायब व्हायची. न हलता थांबलेला तेवढा उमटायचा.

काका वारल्यावर त्यांची आठवण म्हणून मी त्यांच्याच कॅमेऱ्यानं, त्यांच्याच जागेवरून तसाच फोटो काढला. समोर कुणीच थांबलं नव्हतं, आईशप्पथ. फिल्म धुतली, तर रिकाम्या गोलाईत एकच माणूस उभा. खांद्यावर काकांची पिशवी.

तसाच काकूंकडं पळालो. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला आन् माझ्यावरच चिडल्या, “इतका वेळ उभं केलंस व्हय रे त्यांना? गुडघे दुखतेत की त्यांचे!”