कोऱ्या चिठ्ठ्यांवरची सही

हॅलो?… हं, बोल वहिनी… दुकानातच आहे. शटर अर्धं ओढून बसलेय. भरदुपारी, हो.

वाचलंस ना? गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मीच लिहिलंय… तासाभरापूर्वी… नाही, काढणार नाही. अगं, ऐक ना… आधी ऐक तर!

बदनामी? वहिनी, जुन्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर विकणाऱ्यांचं नाव मुळातच कुठे सोन्याचं आहे? अर्धे वेग फुगवून सांगतात, अर्धे माल परत घ्यायची वेळ आली की फोन उचलत नाहीत. म्हणून तर त्या ग्रुपवर लोक यादी ठेवतात, कोण खरं, कोण चोर. आणि त्या यादीत अकरा वर्षं आपण पहिले. अकरा वर्षं!… कशामुळे म्हणजे? त्या चिठ्ठीमुळे. 'चोवीस तास चालवून पाहिला' आणि खाली माझी सही. तूच नाही का चिडवायचीस, ही काय शाळेची गुणपत्रिका आहे का म्हणून?

हो, हो… माहितीये मला, चार-पाचच तक्रारी आहेत… पण त्या भरतकामवाल्या बाईंशी मी बोललेय गं. त्यांचं भरतकामाचं मशीन त्या जुन्या कॉम्प्युटरवरच चालतं, नव्यावर चालतच नाही. आपला प्रोसेसर घातल्यापासून दर वेळी वीस मिनिटांत सगळं बंद… छे, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, चिठ्ठीवर तुमची सही होती, म्हणून मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. आठ दिवस, वहिनी, आठ दिवस त्या आपलंच मशीन खोलून बसल्या होत्या…

थांब जरा. डोळे पुसू दे.

हं… आहे, लाइनवर आहे.

काय केलं म्हणजे? त्यांच्याकडून परत आलेला प्रोसेसर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. वरचा मॉडेलचा आकडा बोळ्यावर उतरला! खाली दुसराच, जुना, हळू चालणारा… हो, रंगवलेला माल. खोक्यात उरलेलेही सगळे तसेच.

आणि चूक माझीच, कबूल. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तीन आठवडे मी हॉस्पिटलात. ऑर्डरी अडू नयेत म्हणून शंभर कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून दादाच्या हातात दिल्या. तपासशील तशा भरत जा म्हटलं. अक्कल गहाण टाकली होती मी!

तेच तर लिहिलंय. सही माझी, तपासणी झालेली नाही, सगळ्यांनी माल परत पाठवा… आणि शेवटचं वाक्य वाचलंस ना? 'माल देणाऱ्यानं माझ्या भावालाही फसवलं, त्याला काही माहीत नव्हतं.' दादावर एक शिंतोडा उडू दिला नाहीये मी. मग तुला एवढं झोंबायचं कारण काय?

काय?

पुन्हा म्हण… नाही, आत्ता म्हणालीस तू, 'पहिला बंद पडला तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं.' कुठला पहिला?… वहिनी, कुठला पहिला?… घरी?… जेवणाच्या टेबलावर लावून पाहिला होता?… कधी?

मी हॉस्पिटलात असताना.

आणि तरी?… आणि तरी बाकीचे पाठवले?

अगं, रडू नकोस. तुझ्यावर नाही चिडलेय मी. दादा शेजारीच बसलाय ना?… दे त्याला… नाही बोलायचं म्हणजे काय? कानाला लाव त्याच्या!

दादा?… दादा, मी बोलतेय…

हो… हो रे, धंदा बसत होता, मला काय दिसत नव्हतं? लोक जुनं टाकून नवंच घेतात आता… मग बंद केलं असतं! दोघांनी मिळून कुलूप लावलं असतं, चांगलं नाव असताना. मी एका शब्दानं तरी बोलले असते का तुला?

'होत नसेल तर होत नाही म्हणायचं, गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही', हे मला कुणी शिकवलं? पहिल्या दिवशी, दुकानातल्या याच टेबलाशी?… नको, माफी नको मागूस. ऐकवत नाही मला.

एकच सांग. साठ-सत्तर चिठ्ठ्या भरल्यास तू. भरताना माझी सही दिसत असेल ना रे तुला?… काय?… मोठ्यानं बोल… झाकून?

सहीवर पट्टी ठेवून भरायचास?

…नाही. काही नाही. ऐकलं मी.

ते शेवटचं वाक्य तेवढं काढते आता. खोटं आहे ते, आणि खाली माझं नाव आहे… हो… हो, आईला मी सांगेन. तू नको सांगूस, तुझ्या तोंडून तिला सोसणार नाही.

ठेव फोन… नाही, दादा, आधी तू ठेव. माझ्याच्यानं ठेववत नाही.