वृंदाने मागितलेलं एक कलम

इथे लांब लांब मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांना नमस्कार. आणि पुण्याहून पडद्यावर आम्हाला बघणाऱ्या वृंदाच्या आईबाबांनाही. आई, तुम्हाला येता आलं नाही. तुमच्या वतीनेही मीच इथे उभी आहे.

मी अनुजा. वृंदा आणि मी एकाच सुमारास नवऱ्यांच्या मागे या देशात आलो. झुइडओस्ट या उपनगरात एकाच इमारतीत राहिलो. डचच्या वर्गाला बरोबर जायचो. ती माझ्याआधी शिकली, कारण चुकायला ती कधी लाजली नाही.

तिला नोकरी लागली एका तिऱ्हाईत कंपनीत. म्हणजे विमा विकणारी कंपनी एक, आणि दावे हाताळणारी ही मधली कंपनी दुसरी. मुलांकडे आलेले कुणाचे आईवडील आजारी पडले की फोन वृंदाकडे यायचा. "मराठीत बोला काका, घाबरू नका," ती म्हणायची.

मग लॉकडाऊन आला. मंदारची आई, सुलभाकाकू, बाडहूव्हडॉर्पला मुलाकडे आल्या होत्या. विमानं बंद झाली आणि त्या अडकल्या. मंदार, तू समोर बसला आहेस. तुला विचारूनच हे सांगते आहे.

काकूंना धाप लागायला लागली. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. तिथले लोक म्हणाले, आधी विम्याची मंजुरी आणा. मंदारने फोन केला. वृंदाने तिच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "विमा कंपनी ठरवेल." विमा कंपनी म्हणाली, "ते तुम्हीच ठरवता." पुन्हा साहेब. पुन्हा कंपनी.

"ताई, काय झालं?" मंदार विचारत राहिला.

"विचारतेय रे, थांब," ती म्हणत राहिली.

हो कुणी म्हटलं नाही. नाहीसुद्धा कुणी म्हटलं नाही. आणि काकू घरातच वारल्या.

वृंदाने नोकरी सोडली. निखिल, तिचा नवरा, तिला म्हणाला, "तुझी काय चूक?" ती म्हणाली, "चूक कुणाचीच नाही, हेच तर मला सहन होत नाही."

तेव्हा सरकार या मधल्या कंपन्यांचे नियम नव्याने लिहीत होतं. लोकांची मतं मागवली होती. वृंदाने एकच कलम मागितलं. रुग्ण अडला असेल तर ठरलेल्या वेळेत उत्तर द्या, आणि ते कुणी दिलं त्याचं नाव सांगा. बस, एवढंच! द हेगच्या अधिकाऱ्यांपुढे ती स्वयंपाकघरातून व्हिडिओवर बोलली. डचमध्ये बोलली. काकूंबद्दल बोलताना ती रडली. पलीकडच्या बाई खूप मायेने म्हणाल्या, "आम्ही ऐकतो आहोत."

त्यांनी ऐकलं असेलही.

नवा मसुदा आला. मधल्या कंपन्यांनी नोंदणी करायची, हिशेब वेगळे ठेवायचे, तपासणी करून घ्यायची. सगळं चांगलंच होतं. तिचं कलम त्यात नव्हतं. मला म्हणाली, "अनुजा, अगं, सगळं तपासणार आहेत. फक्त काकूच कुणाला दिसल्या नाहीत."

मसुद्यावर मतं द्यायची मुदत संपायच्या आत ती पुन्हा लिहिणार होती. त्याआधीच ती आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये आम्हाला कुणाला जाता येईना. व्हिडिओवर तिने ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला आणि मला विचारलं, "मुदत आहे ना अजून?"

मुदत संपली होती. तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सांगितलं. तिने डोळे मिटले. इरा, तिची लेक, माझ्या शेजारी उभी राहून डचमध्ये आईला "मामा, मामा" अशा हाका मारत होती. वृंदाने डोळे उघडले ते इरासाठी. माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही.

नियम आता तसेच लागू होतील. गेल्या आठवड्यात ती गेली, तेव्हापासून बरेच जण मला म्हणतात, तिचं काम वाया जाणार नाही. खरंच? कुणी सांगितलं तुम्हाला? आज कुठेतरी अशीच एखादी आई धापा टाकत असेल, आणि तिचा मुलगा फोन कानाला लावून थांबला असेल. त्याला मराठीत धीर देणारी वृंदासुद्धा आता तिथे नाही. यात आशेचं काही असेल तर मला दाखवा. मला दिसत नाही.

निखिल, इरा, आई, बाबा, तुमचं सांत्वन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. म्हणून आता मी थांबते. सगळे आहात तिथेच उभे राहा. वृंदासाठी, आणि सुलभाकाकूंसाठीही, थोडा वेळ गप्प राहू या.

वृंदा, तुला नमस्कार. तू मागितलंस ते फार थोडं होतं गं. तेवढंही आम्हाला मिळवता आलं नाही.