शेवटच्या बाकावरची झोप

टेचिमानला जाणारी ट्रोट्रो, म्हणजे शेअर व्हॅन, भरल्याशिवाय सुटत नाही. माझ्या पुढच्या सीटवर एक पास्टर होते आणि त्यांच्या शेजारी अफ्रिये मावशी. चर्चमध्ये प्रार्थनेत डुलक्या घेणाऱ्यांना काठीने टोचून उठवायचं काम मावशींकडे.

"पास्टर, रविवारी माझी काठी अडवलीत. तीही सगळ्यांसमोर!"

"तुम्ही ओफोरीला टोचणार होतात, मावशी."

"मग काय ओवाळू? देवाच्या घरात घोरतो मेला! वर दारूचा वास."

"बायको गेल्यापासून घरी झोप लागत नाही त्याला. रात्रभर अंगणात बसून असतो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. म्हणाला, डोळा लागतो तो फक्त तुमच्या शेवटच्या बाकावर."

"अगं बाई! आणि मी आजवर त्याला टोचत आले."

"म्हणून काठी धरली."

"पण ढोल वाजले की दचकेल ना तो?"

"ढोलवाल्यांना सांगितलंय, हळू वाजवा म्हणून."

"त्यांना हळू कुठलं जमतंय! मीच उभी राहते त्यांच्यापाशी, काठी घेऊन."

"राहा. आणि बाकीचे झोपले तर खुशाल टोचा."

"नको हो. दया करायची तर त्यांच्यावरही करा, पास्टर. प्रवचन जरा लवकर आटपा."