पाव्हण्यांले रांजणातलं पाणी

अन् वरून मलेच म्हणतात, नंदाबाई, तुयं डोकं फिरलं! काऊन फिरलं? पाणीच तं होतं.

तुमाले सांगते, मागच्या पावसात बांध भरला अन् गढूळ पाणी सरळ आमच्या विहिरीत. गावात पटकी आली. सरकारी डॉक्टर आले, विहिरीत लाल औषध टाकलं अन् बायांले बसवून सांगून गेले, पाणी उकळा, गाळा, अडीअडचणीले एक रांजण झाकून ठेवा. बाकीच्या बायांनी मुंड्या हलवल्या अन् घरी गेल्या. मी मातर ऐकलं. निवळीची बी घासून गाळ खाली बसवायचा, मग चुलीवर खळखळ उकळायचं, थंड करून फडक्यातून रांजणात गाळायचं... सरपण जाते, कंबर जाते! त्या रांजणाले कोणाले हात लावू देत नव्हती मी. रुख्माच्या बापालेही नाही.

मग सौंदडचे दुलीचंद आमच्या रुख्माले पाहाले आले, पोराले घेऊन. आता सांगा, पोरीच्या मायबापाले याहून अडचणीची वेळ कोणती? रुख्माचा बाप चुलीजवळ येऊन कुजबुजला, विहिरीचं दे म्हणून. मी काय ऐकते? रांजण उघडला, घासलेल्या लोट्यात पाणी नेऊन ठेवलं.

दुलीचंदानं घोट घेतला अन् थांबला. धुराचा वास लागला ना! पोराकडे पाहिलं, हळूच म्हणाला, "बाई, घरात बिमार कोण आहे?"

कारण आमच्या इकडे उकळलेलं पाणी देतात कोणाले? बाळंतिणीले, नाहीतर तापाच्या माणसाले. मी म्हटलं, कोणीच नाही. तो म्हणे, लपवू नका. मी जितकी नाही म्हणे, तितका तो रुख्माकडे निरखून पाहे, जशी काही तीच खाटेवरून उठून आली... पोहेही तसेच ठेवले. कळवतो म्हणाला अन् दमणी जुंपली. पाणीच तं होतं हो!

रुख्मा लोटे घासून राहिली होती. वर न पाहता म्हणाली, "माय, पोरगा चांगला होता."

मी रांजणाचं झाकण लावलं.

आता पार मुर्री गावापर्यंत बोभाटा झाला, नंदाबाईच्या पोरीले काहीतरी रोग आहे. परवा तिकडचे पाव्हणे रुख्माले पाहाले आले, तं प्यायचं पाणी घरून घेऊन! म्हटलं, नका पिऊ. चहा ठेवला, त्याच रांजणातल्या पाण्याचा, उकळून उकळून काळा केला. मांगून मांगून प्याले. बिमार कोण आहे, कोणी विचारलं नाही.

रुख्माचं कळवतो म्हणाले... चहा मातर लय चांगला होता, हे तिथंच सांगून गेले.